यू मुंबा आणि पुणेरी पलटण

भाताची कापणी आटोपली आणि धान्य घरात येऊन पडले, की कोकणातील मोकळ्या खाचरांना निराळेच रूप येते. जमीन सारखी करून तिच्यावर फक्कीच्या रेघा ओढल्या जातात आणि संध्याकाळच्या वेळी कबड्डीचे सामने रंगू लागतात. रायगड जिल्ह्यात ह्या खेळाची आवड फार. महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांतील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस जातात. वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्यासही जातात. त्यामुळे बिरवाडीसारख्या गावाला मुंबई जशी जवळची, तसे पुणेही जवळचेच. ह्या दोन्ही शहरांच्या नावाने कबड्डीचे दोन व्यावसायिक संघ इ. स. २०१४ पासून खेळत आले आहेत. एक ‘यू मुंबा’ आणि दुसरा ‘पुणेरी पलटण’. पलटण म्हणजे सैनिकांची तुकडी. एका संघाने आरंभीच शिखर गाठले. दुसऱ्याने आरंभ केला तो अगदी तळापासून. त्या दोघांची वाटचाल हंगामवार पाहिली, म्हणजे संघ कसा घडतो आणि कसा मोडतो, हे चांगले ध्यानात येते.

कबड्डीस महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू म्हणत. गावोगाव हा खेळ वेगवेगळ्या रीतींनी खेळला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील जाणत्या मंडळींनी त्याचे नियम ठरविण्याचा उद्योग आरंभिला. इ. स. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तेथे ह्या खेळाची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी ह्यांनी आपले आयुष्य कबड्डीच्या प्रसारासाठी वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो. इ. स. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि मातीतला हा खेळ देशोदेशी पोहोचला.

खेळाची मांडणी साधी आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात. एका बाजूचा गडी मध्यरेषा ओलांडून, तोंडाने ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड उच्चार करीत, प्रतिपक्षाच्या अंगणात जातो. ह्यालाच चढाई म्हणतात. तीस सेकंदांच्या आत त्याने जितक्या गड्यांना स्पर्श करून सुखरूप परतावे, तितके गुण त्याच्या संघास मिळतात आणि स्पर्श झालेले गडी बाद होतात. तो पकडला गेला, तर गुण बचाव करणाऱ्यांस मिळतो. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, तर त्याला एक गुण मिळतो. उलटपक्षी तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाईपटूस पकडले, तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. एका संघाचे सर्व गडी बाद झाले की त्यावर लोण चढतो आणि प्रतिपक्षास दोन अधिक गुण मिळतात.

पूर्वी चांगल्या कबड्डीपटूस रेल्वे, पोलीस, बँका अशा ठिकाणी नोकरी मिळे आणि तो त्या संस्थेच्या वतीने खेळे. खेळ हीच उपजीविका, अशी स्थिती मात्र नव्हती. इ. स. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग नावाची स्पर्धा सुरू झाली आणि हे चित्र पालटले. ह्या स्पर्धेतील संघ शहरांच्या वा प्रांतांच्या नावाचे असले, तरी त्यांचे मालक खासगी असतात. खेळाडू लिलावात घेतले जातात. मुंबईच्या संघात हरियाणाचा गडी असतो, तर पुण्याच्या संघात इराणचा. लिलावापूर्वी संघाला आपले काही खेळाडू राखून ठेवता येतात. बाकीचे दुसरीकडे जाऊ शकतात. म्हणून आजचा विजयी संघ उद्या तसाच राहील, ह्याची शाश्वती नसते. दर हंगामास जणू घर नव्याने उभारावे लागते.

पहिला हंगाम इ. स. २०१४ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत झाला. आठ संघ होते. सामने मातीवर न होता मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात झाले आणि लक्षावधी लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. यू मुंबाचे नेतृत्व हरियाणाचे अनुपकुमार ह्यांच्याकडे होते. अंगापिंडाने ते फार आडदांड नव्हते. परंतु त्यांचे पाय चपळ होते आणि डोके शांत असे. बोनस रेषा ओलांडून गुण अलगद टिपण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्यांनीच मिळविले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तो सामना ३१ ऑगस्ट रोजी मुंबईतच झाला. पण जयपूरच्या संघाने ३५ विरुद्ध २४ अशा गुणांनी यू मुंबाचा पराभव केला. पुणेरी पलटण त्या वर्षी आठवी, म्हणजे शेवटची आली.

दुसऱ्या हंगामात, इ. स. २०१५ मध्ये, यू मुंबाने मागील अपयश धुऊन काढले. साखळी सामन्यांत तो संघ पहिला आला. २३ ऑगस्ट रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात त्याने बंगळूरच्या संघास ३६ विरुद्ध ३० गुणांनी हरविले. महाराष्ट्राच्या संघाने जिंकलेले ह्या स्पर्धेतील हे पहिले अजिंक्यपद होय. त्या संघात फजल अत्राचली नावाचे एक तरुण इराणी बचावपटूही होते. पुढे ह्या कथेत त्यांचे नाव पुन्हा येणार आहे. पलटणीच्या पदरी मात्र त्याही वर्षी आठवाच क्रमांक आला. सलग दोन हंगाम तळाशी राहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. ज्यांच्या गावाचे नाव संघाला असते, त्या प्रेक्षकांनाही ते लागते.

इ. स. २०१६ ह्या एकाच वर्षात दोन हंगाम झाले. त्यांपैकी पहिल्यात, म्हणजे तिसऱ्या हंगामात, यू मुंबा सलग तिसऱ्यांदा अंतिम सामन्यास पात्र ठरली. ५ मार्च रोजी दिल्ली येथे तिची गाठ पाटण्याच्या संघाशी पडली. सामना चुरशीचा झाला आणि अवघ्या तीन गुणांनी, २८ विरुद्ध ३१ असा, तो तिच्या हातून निसटला. पलटणीने त्या हंगामासाठी मनजित छिल्लर ह्या नामांकित अष्टपैलू खेळाडूस आणून कर्णधार केले होते. त्याचा परिणाम तत्काळ दिसला. तळाचा संघ तिसऱ्या क्रमांकावर आला! पुढील, म्हणजे चौथ्या हंगामातही पलटणीने तिसरे स्थान राखले. यू मुंबाला मात्र प्रथमच उपांत्य फेरी गाठता आली नाही. दोन्ही संघांच्या वाटा येथे एकमेकींना छेदून गेल्या.

ह्याच चौथ्या हंगामाबरोबर स्त्रियांचीही एक छोटी व्यावसायिक स्पर्धा भरविण्यात आली. तिच्यात तीनच संघ होते आणि त्यांपैकी एकाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे ह्यांनी केले. तिचा अंतिम सामना केवळ एका गुणाच्या फरकाने, २४ विरुद्ध २३ असा, निकालात निघाला. खेळ इतका अटीतटीचा होऊनही ती स्पर्धा पुरुषांच्या स्पर्धेप्रमाणे दरवर्षी भरली नाही. शाळेच्या अंगणात मुलांच्या बरोबरीने चढाई करणाऱ्या मुलींना ह्याची खंत वाटल्यास नवल नाही.

पाचव्या हंगामात, इ. स. २०१७ मध्ये, संघांची संख्या आठांवरून बारा झाली आणि त्यांचे दोन गट पाडण्यात आले. पलटणीने दीपक हुडा ह्यांच्या नेतृत्वाखाली बादफेरी गाठली. पण तेथे पाटण्याच्या संघाने तिला रोखले. यू मुंबा बादफेरीपर्यंतही पोहोचली नाही. त्यानंतर अनुपकुमार मुंबईचा संघ सोडून जयपूरकडे गेले. इ. स. २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत आणि इ. स. २०१६ च्या विश्वचषक स्पर्धेत भारताला विजयी करणाऱ्या ह्या कर्णधाराने इ. स. २०१८ च्या डिसेंबर महिन्यात खेळातून निवृत्ती स्वीकारली.

आता यू मुंबाला घर पुन्हा उभारणे भाग होते. इ. स. २०१८ च्या लिलावात तिने फजल अत्राचली ह्यांना एक कोट रुपयांस परत आणले आणि पुढे कर्णधार केले. कबड्डीच्या खेळाडूवर एवढी बोली पूर्वी कधी लागली नव्हती. ज्या खेळाडूचे नावही फारसे कोणास ठाऊक नव्हते, असा कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई हा तरुणही त्याच हंगामात संघात आला. त्याने आपल्या पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. त्या सहाव्या हंगामात यू मुंबा बादफेरीत उत्तर प्रदेशाच्या संघाकडून हरली. हंगाम संपला आणि पुढच्या लिलावात सिद्धार्थला तेलुगू संघाने १ कोटी ४५ लक्ष रुपयांस घेतले. एका वर्षापूर्वी मुंबईने त्याच्यासाठी मोजलेली रक्कम चाळीस लक्षांच्या आत होती. लिलावाची रीत अशी असते. जो संघ हिरा शोधतो, त्याच्याकडेच तो राहील असे नाही.

सातवा हंगाम इ. स. २०१९ मध्ये झाला. यू मुंबा उपांत्य सामन्यापर्यंत गेली आणि बंगालच्या संघाकडून ३५ विरुद्ध ३७ अशी, केवळ दोन गुणांनी हरली. पुढे तोच बंगालचा संघ विजेता ठरला. ह्याच हंगामात एक मजेदार गोष्ट घडली. मुंबईचे जुने कर्णधार अनुपकुमार आता पुण्याचे शिक्षक झाले होते. संघ त्या वर्षी मागेच राहिला. परंतु इकडे पुण्यात एक वेगळे काम सुरू झाले होते. नामवंत खेळाडूंमागे धावण्याऐवजी कोवळ्या वयाच्या मुलांना निवडावे, त्यांना एकत्र ठेवून शिकवावे आणि एकमेकांच्या हालचाली ओळखण्याइतके मुरू द्यावे, असे ते काम होते. पेरलेले बी काही दुसऱ्या दिवशी उगवत नाही. म्हणून त्या काळी हे काम कोणाच्या डोळ्यांत भरले नाही.

इ. स. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे स्पर्धा भरलीच नाही. आठवा हंगाम इ. स. २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत बंगळूर येथे, प्रेक्षकांवाचून, खेळविला गेला. त्या शांत क्रीडागृहात पलटणीच्या दोन तरुणांनी आपली चुणूक दाखविली. त्यांतील एक अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. अडखळत सुरुवात केलेली पलटण त्यांच्या बळावर बादफेरीत पोहोचली. पण उत्तर प्रदेशाच्या संघापुढे तिचे चालले नाही. यू मुंबाला मात्र ह्या हंगामात आणि पुढील दोन हंगामांतही बादफेरी गाठता आली नाही. जो संघ पहिल्या तिन्ही अंतिम सामन्यांत खेळला, त्यावरच ही वेळ यावी, हे पाहून जुने चाहते हळहळले.

नवव्या हंगामासाठी, इ. स. २०२२ मध्ये, फजल अत्राचली पुण्यास आले आणि पलटणीचे कर्णधार झाले. बंगालला अजिंक्यपद मिळवून देणारे बी. सी. रमेश हे शिक्षक म्हणून आले. घरची तरुण मंडळी आणि बाहेरून आलेला जाणता कर्णधार, असा हा मेळ चांगला जमला. उपांत्य सामन्यात पलटणीने तमिळ संघाला ३९ विरुद्ध ३७ असे हरविले आणि प्रथमच अंतिम सामन्यात पाऊल ठेवले. १७ डिसेंबर रोजी मुंबई येथे तो सामना झाला. जयपूरने ३३ आणि पुण्याने २९ गुण मिळविले. शिखर चार गुणांवर येऊन राहिले.

दहाव्या हंगामापूर्वी फजल दुसऱ्या संघात गेले. कर्णधारपद अस्लम इनामदार ह्यांच्याकडे आले. बचावासाठी पलटणीने मोहम्मदरेझा शादलुई ह्या इराणी खेळाडूस २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतले. हा हंगाम पलटणीच्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल ठरला. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ तिने जिंकले, ३ बरोबरीत सुटले आणि केवळ २ हरले. त्या काळी जिंकणाऱ्यास ५ गुण, बरोबरीस ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यास १ गुण मिळत असे. पलटणीचे एकूण गुण ९६ झाले. हा हिशेब मांडून पाहिला, तर एक गोष्ट उघड होते. १७ विजयांचे ८५ आणि ३ बरोबरींचे ९, असे ९४ गुण होतात. उरलेले २ गुण दोन पराभवांतून आले आहेत. म्हणजे पलटण जे दोन सामने हरली, तेही थोडक्यात हरली. शेवटच्या क्षणापर्यंत झुंजण्याचे मोल असे आकड्यांतही उमटते.

उपांत्य सामन्यात पाटण्यास ३७ विरुद्ध २१ असे नमवून पलटण अंतिम सामन्यात गेली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे तिची गाठ हरियाणाच्या संघाशी पडली. दोन्ही संघ बचावात निष्णात असल्यामुळे गुण थेंबाथेंबाने जमत होते. अशा वेळी पंकज मोहिते ह्यांनी एकाच चढाईत चार गुण मिळवून पारडे झुकविले. अखेर पुणेरी पलटण २८ विरुद्ध २५ अशी विजयी झाली. दोनदा आठव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाने दहा वर्षांनी अजिंक्यपद मिळविले होते. त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान अस्लम इनामदार ह्यांना मिळाला. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही ते होते.

येथेच ही कथा संपली असती, तर ती परीकथा झाली असती. पण खेळाची रीत निराळी आहे. इ. स. २०२४ च्या अखेरीस झालेल्या अकराव्या हंगामात अस्लम जायबंदी झाले, आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या पलटणीस बादफेरीही गाठता आली नाही. अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडी येथे, २९ डिसेंबर रोजी झाला. परंतु तो खेळले हरियाणा आणि पाटणा. पुणेकरांनी आपल्या अंगणात दुसऱ्यांचा उत्सव पाहिला. यू मुंबाने मात्र त्याच हंगामात बऱ्याच काळानंतर बादफेरी गाठली. तेथे ती पाटण्याकडून हरली. पुढच्या, म्हणजे इ. स. २०२५ च्या बाराव्या हंगामात अस्लम परतले. पलटण पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीच्या संघाने तिला दिल्लीतच ३१ विरुद्ध २८ असे हरविले. चार हंगामांत तीनदा अंतिम सामना खेळणे ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तीन गुणांची सल मनात राहतेच.

ह्या बारा हंगामांकडे एकत्र पाहिले, तर काय दिसते? यू मुंबाला आरंभी एक असाधारण कर्णधार आणि त्याच्याभोवती जमलेला जाणता संघ लाभला होता. तो संघ विखुरला, तेव्हा त्याची जागा घेणारी पिढी तयार नव्हती. पलटणीने पडत, धडपडत तरुणांची फळी उभी केली. त्यामुळे मोठा खेळाडू गेला तरी तिची घडी एकदम विसकटली नाही. तरीही एका गड्याचा गुडघा दुखावला, तर वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते, हेही तिला अनुभवास आले. म्हणून कबड्डीला उपजीविका करू पाहणाऱ्या तरुणाने हे ओळखले पाहिजे, की लिलावातील मोठे आकडे थोड्यांच्याच वाट्याला येतात आणि खेळाचे वयही थोडेच असते. शिक्षण किंवा एखादे दुसरे कसब हाताशी असणे त्याच्या हिताचे असते.

आणखी एक प्रश्न विचार करण्याजोगा आहे. संघाचा मालक एक, खेळाडू नाना प्रांतांचे व परदेशांचे; मग तो संघ ‘आपला’ कसा? हरियाणाच्या अनुपकुमारांसाठी मुंबईने घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या आणि इराणच्या फजल ह्यांना पुण्याने आपला कर्णधार मानले. इ. स. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ह्याच इराणने सुवर्णपदक पटकाविले होते. फजल त्या संघात होते. म्हणजे जो भारताचा प्रतिस्पर्धी, तोच पुण्याचा सेनापती झाला. आपलेपणा केवळ जन्मगावावरून ठरत नाही. एकत्र घाम गाळल्यानेही तो उत्पन्न होतो. कबड्डीचा बचाव तरी दुसरे काय शिकवितो? दोघे शेजारी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. एकाने घाई केली, तर दोघांचाही तोल जातो. दोघांनी एकाच क्षणी झेप घेतली, तर बलाढ्य चढाईपटूही मध्यरेषेपर्यंत पोहोचू शकत नाही.

मॅटवरचे हे खेळाडू आकाशातून उतरत नाहीत. त्यांतील पुष्कळांचा पहिला दम गावच्या मातीतच घुमलेला असतो. कापणी झालेल्या शेतात, ढोपरे फोडून घेत, मोठ्यांच्या हाका ऐकत ते खेळू लागले. पुढील हंगामात मुंबई जिंकेल की पुणे, हे आज कोणीच सांगू शकत नाही. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी संध्याकाळी फक्कीच्या रेघा पडतात आणि मुले-मुली ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत मध्यरेषा ओलांडतात, तोवर दोन्ही संघांना उद्याचे गडी मिळत राहतील.